चार पूर्णांक सहा तारे

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आजकाल कोणतीही वस्तू घ्यावयाची झाली की पहिला प्रश्न "तारे किती आहेत?" हा असतो. पूर्वी दुकानदाराला, शेजाऱ्याला, फार तर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारून लोक खरेदी करीत. आता शेकडो अनोळखी ग्राहकांचे अभिप्राय एकत्र करून त्यांची सरासरी काढलेली असते आणि ती पाच ताऱ्यांच्या रूपाने वस्तूच्या चित्राखाली मांडलेली असते. ही सरासरी नेमकी कशाची असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय मला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या घरी २०२४ च्या जुलै महिन्यात एका खोक्यातून आला.

लातूर जिल्ह्यात आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. फवारणीसाठी पाठीवरचा, हाताने दांडा मारायचा जुना पंप होता. त्या दांड्याने अप्पांचा खांदा दरवर्षी धरतो, म्हणून यंदा बॅटरीवर चालणारा पंप घ्यायचा असे ठरले. कॉलेजात माझे नाव घालून तेव्हा महिनाही झाला नव्हता. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल घरच्यांच्या कल्पना फार मोठ्या आहेत. अप्पा म्हणाले, "तू कालेजात जाती. आता तूच बघ, कोणचा घ्यायचा ते."

मी दोन रात्री मोबाइल घेऊन बसले. शेवटी एका संकेतस्थळावर दोन पंप उरले. पहिल्याला ४.६ तारे, किंमत २,८५० रुपये. दुसऱ्याला ४.१ तारे, किंमत ३,०५० रुपये. जास्त तारे आणि दोनशे रुपये कमी, म्हणजे विचार करण्यासारखे काही उरलेच नाही असे मला वाटले. पहिला पंप मागवला.

पंप वेळेवर आला, रंग छान होता, खोके कुठे चेपलेले नव्हते. त्याच दिवशी झड लागली ती सहा दिवस उघडली नाही. वाफसा येईपर्यंत आठवडा गेला. मग अप्पांनी चक्री भुंग्यासाठी औषध मारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ठीक चालले. दुसऱ्या दिवशी चौथ्या टाकीला दाब कमी झाला आणि पाचवी टाकी अर्धी असताना पंप थांबला. रात्रभर चार्ज करूनही तिसऱ्या दिवशी तीनच टाक्या निघाल्या. परत करण्याची मुदत सात दिवसांची होती आणि ती पंप घरी पोचल्यापासून मोजायची होती. पावसाचे दिवस त्यातून वजा होत नाहीत. अप्पा मला काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरचा जुना पंप काढला आणि उरलेले रान हाताने मारले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी त्या पंपाचे सगळे अभिप्राय पुन्हा उघडले आणि या वेळी ते वहीत उतरवून घेतले. एकूण २३ होते. १७ जणांनी पाच तारे, ५ जणांनी चार तारे आणि एकाने एक तारा दिलेला. बेरीज १०६, तिला २३ ने भागले की ४.६. हिशेबात काही लबाडी नव्हती. परंतु त्या २३ जणांनी लिहिले काय होते? १४ जणांनी पॅकिंग, रंग आणि वेळेवर मिळाल्याबद्दल लिहिले होते. ५ जणांनी नुसते "छान", "बेस्ट" एवढेच. तिघांनी वापरून पाहिल्याचे म्हटले होते, त्यांपैकी दोघांनी घराच्या बागेत. उरलेल्या एकाने, म्हणजे एक तारा देणाऱ्याने, मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिले होते की बॅटरी चार टाक्यांत उतरते. हा अभिप्राय मी पहिल्या रात्रीच वाचला होता. असा एखादा रडका माणूस असायचाच, असे म्हणून मी पुढे गेले होते.

म्हणजे ते ४.६ तारे पंपाला मिळालेले नव्हतेच. ते खोके आणून देणाऱ्याला मिळालेले होते.

हे सारे मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना सांगितले. मला वाटले होते, ते म्हणतील की असल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवूच नये. त्यांनी उलट मला एका बैलाची गोष्ट सांगितली. १९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे जनावरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे एक बैल दाखवून, कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल हे ओळखण्याची स्पर्धा ठेवली होती. सहा पेन्स देऊन चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर आपला अंदाज लिहून द्यायचा. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. सर्व अंदाज चढत्या क्रमाने लावून त्याने मध्यक काढला, तो आला १,२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड. गर्दीचे मत एक टक्क्याच्या आत खरे ठरले होते. सामान्य लोकांच्या एकत्रित मताबद्दल गाल्टनला स्वतःला फारसा आदर नव्हता, तरी १९०७ साली त्याने हा निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

तेव्हा अनेकांची मते एकत्र करणे ही कल्पना मुळात चुकीची नाही. मग प्लिमथच्या ७८७ जणांना जे साधले, ते माझ्या २३ जणांना का साधले नाही? संख्या कमी होती हे एक कारण झाले, पण ते मला मोठे वाटत नाही. प्लिमथला प्रत्येकाला एकच प्रश्न विचारलेला होता आणि सगळ्यांनी तोच बैल डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते. पैसे भरून चिठ्ठी घेतलेली असल्यामुळे उगाच काहीतरी लिहावे असे कोणाला वाटले नसावे. शिवाय दुसऱ्याने काय लिहिले हे कोणाला दिसत नव्हते.

ही शेवटची गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जनावरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मी लहानपणी अप्पांबरोबर गेले होते, तेव्हा मला तो काहीतरी चोरटा प्रकार वाटला होता. आता वाटते की शेजारच्याचा भाव कानावर पडला की आपला भाव आपला राहत नाही, हे त्या लोकांना चांगले ठाऊक असावे. ताऱ्यांचे नेमके उलट आहे. आपण आपले मत देण्याआधी इतरांची सरासरी डोळ्यांसमोर असते. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या संशोधकांनी याचा प्रयोग करून पाहिला, तो २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर वाचकांनी लिहिलेल्या मजकुरांपैकी काहींना, कोणताही गुणदोष न पाहता, त्यांनी मुद्दाम पसंतीचे एक मत देऊन ठेवले. पुढे त्या मजकुरांना मिळालेले अंतिम गुण सरासरीने २५ टक्क्यांनी अधिक भरले. एका मताने एवढा फरक पडत असेल, तर पहिले दहा अभिप्राय विक्रेत्याच्या मेव्हण्या-पाहुण्यांचे असले म्हणजे काय होईल, ते सांगायला नको.

आणखी एक अडचण अशी की लिहिणारे आणि जाणणारे वेगळे असतात. फार खूष झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो. ज्याचे बरे चालले आहे तो लिहीत नाही. आमच्या गावात बॅटरीचे पंप वीस-पंचवीस तरी असतील. कोणत्या पंपाचा पट्टा खांद्याला रुततो, कोणाचा चार्जर पहिल्या पावसाळ्यात जातो, हे पारावर बसलेला कोणीही सांगेल. त्यांपैकी एकानेही कधी कुठे अभिप्राय लिहिलेला नाही. ज्यांनी हजारो टाक्या मारल्या त्यांचे मत त्या सरासरीत नाही. आणि ज्याने बाल्कनीतल्या गुलाबावर पाणी मारले, त्याच्या पाच ताऱ्यांचे वजन तेथे शेतकऱ्याच्या ताऱ्यांइतकेच.

एकत्र करण्याची रीतही सर्व ठिकाणी एक नसते. चित्रपटांच्या दोन प्रसिद्ध अमेरिकन संकेतस्थळांवरून हे चटकन समजते. रॉटन टोमॅटोज हे १९९८ साली निघाले, मेटाक्रिटिक २००१ साली. पहिले संकेतस्थळ किती टक्के समीक्षकांना चित्रपट आवडला ते सांगते. दुसरे समीक्षकांच्या मतांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढते. समजा, दहाच्या दहा समीक्षकांनी "बरा आहे, पाहायला हरकत नाही" एवढेच म्हटले. पहिल्या ठिकाणी त्याला १०० टक्के मिळतील, दुसऱ्या ठिकाणी साठाच्या आसपास. चित्रपट तोच, समीक्षक तेच. १०० हा आकडा पाहून जो उत्कृष्ट चित्रपट पाहायला जाईल तो निराश होईल, पण संकेतस्थळ खोटे बोलले असे त्याला म्हणता येणार नाही. खरेदीच्या संकेतस्थळांवरही असेच आहे. ॲमेझॉन तर स्वतःच सांगते की तिचे तारे ही साधी सरासरी नसून अभिप्राय किती ताजा आहे, खरेदी पडताळलेली आहे की नाही, अशा गोष्टी त्यात धरलेल्या असतात. अनेक दुकानांतले तारे गोळा करून एकच आकडा देण्याची पद्धतही आहे. त्यात उत्पादकाच्या संकेतस्थळावर लिहिलेला एकच अभिप्राय तीन दुकानांत दिसतो, आणि आपल्याला वाटते तीन माणसे बोलली.

काही वेळा तर तारे दुसऱ्याच वस्तूचे असतात. सोळा लिटरचा आणि वीस लिटरचा पंप एकाच पानावर ठेवले की दोघांचे अभिप्राय एकत्र होतात. याच युक्तीचा गैरवापर करून नव्या वस्तूला जुन्या वस्तूचे तारे चिकटवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये बाउंटिफुल या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर कारवाई केली, आणि तिला ६ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय लिहिणारा खरा आहे याची पडताळणी कशी करावी, विकत घेतलेले अभिप्राय कसे टाळावेत, याचे नियम त्यात आहेत. मात्र ते आणले तेव्हा ऐच्छिक ठेवले होते. ऐच्छिक नियम कोण पाळतो हे आपण वसतिगृहात रोज पाहतोच.

जाता जाता सांगते, तारे म्हटले की सगळे एकच असतात असाही एक गोड गैरसमज आहे. आमच्या शेजारच्या मावशी फ्रिजवरचे पाच तारे पाहून म्हणाल्या, "लोकांना लई आवडलेला दिसतोय." ते तारे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे, २००६ पासून सुरू झालेले. विजेची बचत किती, एवढेच ते सांगतात. फ्रिज किती वर्षे टिकेल याचे उत्तर त्यांत नाही. पण निदान ते तारे कशाचे हे ठरलेले आहे आणि मोजून दिलेले आहेत, ही गोष्ट मला कमी वाटत नाही.

मोजून दिलेली मते आणि गोळा केलेली मते यांतला फरक तपासणारा एक अभ्यास २०१६ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आला. त्याला आधार होता कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन संस्थेच्या चाचण्यांचा. १९३६ साली स्थापन झालेली ही संस्था कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही, वस्तू दुकानातून स्वतः विकत घेते आणि प्रयोगशाळेत तपासून गुण देते. बार्ट द लांगे, फिलिप फर्नबाख आणि डोनाल्ड लिख्टनस्टाइन यांनी १२० प्रकारच्या १,२७२ वस्तूंचे ॲमेझॉनवरचे सरासरी तारे आणि या संस्थेचे गुण शेजारी ठेवले. दोहोंचा मेळ फारच थोडा निघाला. शिवाय, ग्राहक मात्र सरासरीवर ती पेलणार नाही इतका भरवसा ठेवतात, असेही त्यांना दिसले. हे वाचून मला माझ्या दोन रात्री आठवल्या.

भारतात चाचणीची परंपरा अगदीच नाही असे नाही. मुंबईत १९६६ साली काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर मते एकत्र करण्याऐवजी खरेदीच एकत्र केली. अनेक कुटुंबांसाठी माल पारखून घाऊक आणायचा आणि वाटून घ्यायचा. परंतु आमच्या फवारणी पंपापर्यंत यांतले काही पोचलेले मला तरी आढळले नाही. तेव्हा आमच्यासारख्यांना तारेच वाचायचे आहेत. ते कसे वाचावेत, एवढाच प्रश्न उरतो.

सरांनी एक सूत्र दिले. ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचे आहे. जितक्यांनी चांगले म्हटले त्यात एक मिळवायचा, एकूण संख्येत दोन मिळवायचे आणि भागायचे. म्हणजे जणू आपल्या मनाने एक चांगला आणि एक वाईट अभिप्राय जोडून द्यायचा. पाचपैकी पाच जण खूष असतील तर सहा भागिले सात, म्हणजे ८६ टक्के. दोनशेपैकी १९० जण खूष असतील तर १९१ भागिले २०२, म्हणजे सुमारे ९५ टक्के. थोड्या लोकांच्या शंभर टक्क्यांना भुलू नये यासाठी हे सूत्र फार चांगले आहे. मी ते उत्साहाने माझ्या दोन पंपांना लावले. पहिल्याच्या २३ पैकी २२ जणांनी चार किंवा पाच तारे दिलेले: २३ भागिले २५, म्हणजे ९२ टक्के. दुसऱ्याचे अभिप्राय होते १,१४० आणि त्यांपैकी खूष ९६९: उत्तर आले ८५ टक्के. सूत्रानेसुद्धा मला तोच पंप घ्यायला सांगितले असते. सरही क्षणभर वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मोजणी बरोबर आहे, पण मोजले काय आहे ते सूत्राला कळत नाही."

२०२५ च्या जूनमध्ये काकांना पंप घ्यायचा होता. ते म्हणाले, "तूच बघ गं. मागच्या साली फसलीस, आता शहाणी झाली असशील." या वेळी मी सुरुवात मोबाइलपासून केली नाही. तालुक्याला पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, ज्यांनी आमच्या पंपाला नऊशे रुपयांची नवी बॅटरी घालून तो चालू करून दिला होता. त्यांच्याकडे गेले. तुमच्याकडे पंप येतात ते काय बिघडून येतात, एवढेच विचारले. ते म्हणाले, बॅटरी, चार्जर आणि आतले रबर. टाकी फुटून सहसा येत नाही. मोटर जळून येते ती गाळणी न लावता औषध भरल्यामुळे.

मग ते तीन शब्द घेऊन मी ४.१ ताऱ्यांच्या पंपाचे अभिप्राय शोधले. पाच ताऱ्यांचे सोडून दिले, कारण त्यांत खोक्याचेच कौतुक जास्त असते. एक ताऱ्याचे वाचले, पण त्यांतही अर्धा राग उशिरा आल्याचा होता. सर्वांत उपयोगी पडले ते तीन ताऱ्यांचे. तीन तारे देणारा माणूस सहसा वस्तू वापरून बसलेला असतो आणि त्याचे कोणाशी भांडण नसते. "पट्टा खांद्याला लागतो, मी जुन्या पोत्याची घडी घातली", "नोझल गळते, पन्नास रुपयांचे दुसरे बसवले", "बॅटरी बारा टाक्या जाते, कंपनी वीस सांगते". बॅटरी कमी पडल्याची तक्रार येथेही होती, पण बारा टाक्यांच्या खाली कोणी आलेला दिसला नाही. पट्टा आणि नोझल हे असे दोष आहेत की जे घेऊन जगता येते. कोणत्या महिन्यात लिहिले आहे तेही मी पाहिले. जुलैच्या सुरुवातीचे अभिप्राय नव्या पंपांचे असावेत. ऑक्टोबरनंतरचे असले तर हंगाम मारून झालेला असण्याचा संभव अधिक.

तोच पंप तालुक्याच्या दुकानात मिळत होता, संकेतस्थळापेक्षा दोनशे रुपये महाग. मी काकांना तो दुकानातूनच घ्यायला लावला, कारण बिघडला तर नेऊन टेकवायला जागा पाहिजे. त्या दोनशे रुपयांवरून काकांनी मला अजून सोडलेले नाही. पंपाने एक खरीप काढले. दुसरा हंगाम व्हायचा आहे, म्हणून त्याबद्दल याहून अधिक मी लिहीत नाही.

राहिला आमचा पहिला पंप. त्याचा अभिप्राय मी हंगाम संपल्यावर लिहिला. मराठीत लिहिला: किती टाक्यांना बॅटरी उतरली, पावसात परतीची मुदत कशी गेली, नवी बॅटरी कितीला पडली, आणि बॅटरी बदलल्यावर पंप चांगला चालतो हेही. दोन तारे दिले. तोपर्यंत अभिप्रायांची संख्या ६१ झाली होती, माझा धरून ६२. अप्पांनी विचारले, "लिहिलंस का बॅटरीचं?" मी त्यांना मोबाइल दाखवला. माझ्या दोन ताऱ्यांनी सरासरी ४.५६ झाली होती, आणि एक दशांश स्थळापर्यंत छापताना ती पुन्हा ४.६ च दिसत होती.